दवाखान्यातला हात, घरातला हात

टेबलावर एक लाकडी पेटी, तिच्या मधोमध उभी फळी. फळीच्या उजवीकडे रंगीत ठोकळ्यांचा ढीग, डावीकडची बाजू रिकामी. समोर बसलेल्या मावशींनी पदर खोचला, उजवा हात पेटीवर आणला आणि ताईंकडे पाहिलं. ताई म्हणजे इथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. त्यांनी घड्याळाची कळ दाबली. मावशींची बोटं एका ठोकळ्याभोवती मिटली, हात फळीवरून पलीकडे गेला, ठोकळा खाली पडला. मग दुसरा, मग तिसरा. थोड्या वेळात उजवा खांदा कानाकडे चढायला लागला, अंग कंबरेतून डावीकडे झुकायला लागलं. मिनिट संपलं तेव्हा मावशींच्या कपाळावर घाम होता. ताईंनी पडलेले ठोकळे मोजले, आकडा कागदावर लिहिला आणि मागच्या महिन्याच्या आकड्यापाशी बोट नेऊन म्हणाल्या, "बघा मावशी, वाढले!"

मागे बसलेली सून पुढे झाली. "मग ताई, घरी का नाही करत त्या? घरी हा हात नुसता मांडीवर असतो."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हात' हा विषय दिला, तेव्हा मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात जाऊन बसायचं ठरवलं. पक्षाघातानंतर हात परत कसा येतो, हे पाहायचं होतं. सुनेच्या त्या प्रश्नानं दिशा बदलली. हात सुधारतोय हे ठरवायचं कशावरून? दवाखान्यातल्या टेबलावरून, की मांडीवर पडलेल्या पंजावरून? गेली काही दशकं जगभरातले थेरपिस्ट आणि अभियंते मनगटावर, बोटांवर आणि हातमोज्यात सेन्सर बसवताहेत, ते याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

ठोकळे, खुंट्या आणि घड्याळ

पंजात 27 हाडं असतात. बोटं मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू मात्र कोपराखालच्या हातात असतात आणि लांब दोऱ्यांनी, म्हणजे कंडरांनी, बोटं ओढतात. या सगळ्यांना वेगवेगळा हुकूम द्यायचं काम मेंदूतून मणक्याकडे उतरणारे मज्जामार्ग करतात. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली आणि या मार्गाला इजा झाली, की शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात लुळा पडतो. पुढे बळ येऊ लागतं, पण क्रमानं. बहुतेकांना आधी अख्खी मूठ मिटता येते. मूठ उघडणं उशिरा येतं. तर्जनी आणि आंगठ्याची चिमूट, एकेक बोट वेगळं हलवणं हे सगळ्यात शेवटी, आणि अनेकांना ते पूर्ण कधीच येत नाही.

हा प्रवास मोजायची साधनं थेरपी विभागाच्या एका कपाटात मावतात. ठोकळ्यांच्या पेटीत 150 ठोकळे, प्रत्येकाची बाजू अडीच सेंटीमीटर. एका मिनिटात किती फळीपार गेले, तो गुण. शेजारी नऊ भोकांची पाटी. तिच्यात नऊ खुंट्या बसवायच्या आणि काढायच्या, लागलेले सेकंद मोजायचे. मुठीची ताकद मोजायला डायनॅमोमीटर, सांध्याचा कोन मोजायला गोनिओमीटर. त्यापलीकडे दोन नामवंत चाचण्या. स्वीडनमधल्या फ्यूगल-मायर आणि सहकाऱ्यांनी 1975 साली मांडलेल्या चाचणीत हाताच्या प्रत्येक हालचालीला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. पूर्ण हाताला 66. रोनाल्ड लाइल यांच्या 1981 सालच्या चाचणीत पकडणं, धरणं, चिमटीत उचलणं असे 19 प्रकार आहेत आणि पूर्ण गुण 57.

या चाचण्यांनी पिढ्यान् पिढ्यांचे थेरपिस्ट घडवले. चांगला थेरपिस्ट आकडा लिहिता लिहिता मावशींचा चढलेला खांदाही टिपतो. अंग झुकवून ठोकळा पलीकडे नेणं ही पळवाट आहे, हात सुधारल्याची खूण नव्हे, हे त्याला कळतं. पण कागदावर उतरतो तो आकडाच. शून्य, एक, दोन अशा तीन पायऱ्यांमध्ये बारीक सुधारणा हरवतात. एकाने दिलेला 'एक' दुसऱ्याच्या नजरेत 'दोन' असू शकतो.

त्याहून मोठी अडचण जागेची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्ये मान्य केलेल्या वर्गीकरणात माणसाची क्षमता आणि त्याची प्रत्यक्ष कृती असे दोन वेगळे रकाने आहेत. शांत खोलीत, कुणी समोर बसून सांगितल्यावर हात काय करू शकतो, ही क्षमता. घरी, गडबडीत, कुणी सांगत नसताना तो काय करतो, ही कृती. ठोकळ्यांची पेटी फक्त पहिल्या रकान्याला उत्तर देते.

दुसऱ्या रकान्यासाठी प्रश्नावल्या आहेत. उजव्या हातानं दिवा लावला का, दार उघडलं का, केस विंचरले का? उत्तरं आठवणीवर चालतात, आणि भिडेवरही. मावशींनी ताईंना सांगितलं होतं, "करते की सगळं." सून गप्प राहिली होती. ताईंना अशी उत्तरं रोज ऐकू येतात. "पेशंट खोटं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना मला खूश करायचं असतं. आणि स्वतःलाही धीर द्यायचा असतो."

मनगटावरची डबी

ताईंनी कपाटाच्या खणातून दोन पट्टे काढले. प्रत्येकावर काडेपेटीहून लहान, करड्या रंगाची डबी. डबीत त्वरणमापक, म्हणजे अॅक्सिलरोमीटर. त्यातल्या चिपमध्ये सिलिकॉनचं एक अतिसूक्ष्म वजन तेवढ्याच सूक्ष्म कमानींवर टांगलेलं असतं. मनगट हललं की वजन किंचित सरकतं, त्याच्या कडेच्या पट्ट्यांमधली विद्युतधारकता बदलते आणि तो बदल आकडा होऊन साठतो. गुरुत्वाकर्षणही याच मापात येतं, त्यामुळे हात स्थिर असला तरी तो आडवा आहे की खाली लोंबतोय, हेही कळतं. आपल्या मोबाइलचा पडदा आडवा-उभा फिरतो तो याच चिपमुळे.

पट्टे नेहमी दोन लागतात, दोन्ही मनगटांना. एका हाताचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. आजारी माणूस दिवसभर झोपून असेल तर दोन्ही हात कमी हलतील. लगबगीचा दिवस असेल तर दोन्ही जास्त. म्हणून एका हाताच्या वापराला दुसऱ्याच्या वापरानं भागायचं. अमेरिकेत सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॅथरिन लँग यांच्या गटानं निरोगी प्रौढांच्या दोन्ही मनगटांना असे पट्टे बांधून दिवसभराची नोंद घेतली. 2015 च्या आसपास त्यांनी 74 जणांची जी माहिती प्रसिद्ध केली, ती मला थक्क करून गेली. सरावाचा हात दिवसात सुमारे नऊ तास कामात होता आणि दुसरा हात त्याहून जेमतेम अर्धा तास कमी. गुणोत्तर 0.95 च्या घरात.

म्हणजे आपण ज्याला उजव्याचा मदतनीस समजतो, तो डावा हात जवळपास तितकाच राबतो. उजवा चिरतो तेव्हा डावा भाजी धरतो. उजवा लिहितो तेव्हा डावा कागद दाबतो. डबा, झाकण, बटण, पिशवी, सगळं दोन हातांचं. पक्षाघातानंतर हे गुणोत्तर कोसळतं, आणि ते किती कोसळलं, सावरतंय की नाही, हे पट्टे सांगतात.

मावशींच्या आधीच्या आठवड्यातल्या नोंदीचा आलेख ताईंनी संगणकावर उघडला. वर डाव्या हाताची पट्टी, खाली उजव्याची. पहाटेपासून डाव्याची रेघ उसळत होती. उजव्याची रेघ मधूनमधून जागी व्हायची, तीही डाव्याच्या सोबतीनं. ती उसळ कसली, असं विचारल्यावर ताईंनी वेळ पाहिली. "सकाळी फेरी मारायला जातात. चालताना हात हलतो ना, तो."

इथे या डबीची पहिली मर्यादा दिसते. चालताना झुलणारा हात तिला कामात असलेला हात वाटतो. रिक्षाचे धक्केही ती मोजते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी यावर एक साधा, देखणा तोडगा मांडला. माणूस कामं बहुधा पोटासमोर, कोपर वाकवून करतो. मग हालचाल कामाची तेव्हाच धरायची, जेव्हा कोपराखालचा हात आडव्या पातळीच्या 30 अंश वर-खाली असेल आणि त्या अवधीत तो पुरेसा फिरलाही असेल. चालताना हात खाली लोंबतो, त्यामुळे तो आपोआप गाळला जातो.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. मनगटाला बोटं दिसत नाहीत. मावशींचा धंदा गजरे-वेण्यांचा. मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात गुंफताना मनगट जवळजवळ स्थिर असतं. सगळी किमया आंगठा आणि दोन बोटांची. मनगटी सेन्सर त्या तासाला विश्रांती समजेल. आणि उकडतंय म्हणून पदरानं घेतलेला वारा मात्र भरघोस काम म्हणून नोंदवेल.

हातमोज्यातली यंत्रणा

बोटं पाहायची तर बोटांपर्यंत जावं लागतं. शिकागोमधल्या इलिनॉय विद्यापीठात 1977 मध्ये बनलेल्या सेयर हातमोज्यात बोटांवरून लवचीक नळ्या नेल्या होत्या. नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश टिपणारा घटक. बोट वाकलं की नळी वाकायची, पलीकडे पोचणारा प्रकाश कमी व्हायचा. पुढे 1989 मध्ये मॅटेल कंपनीनं निन्टेंडोच्या मुलांच्या व्हिडिओ गेमसाठी पॉवर ग्लव्ह आणला. त्यात प्लास्टिकच्या पट्टीवर वीजवाहक शाईचा थर होता; पट्टी वाकली की थराचा विद्युतरोध वाढतो. हे वाक-सेन्सर आज इतके सुलभ झालेत, की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी दिसतात. आता बोटांच्या पेरांवर बसणारे जडत्व-सेन्सर आहेत, ताणल्यावर विद्युतगुण बदलणारं कापड आहे, बोटांच्या टोकांना दाब मोजणाऱ्या चकत्या आहेत. कोपराखाली बांधायच्या पट्ट्यातले इलेक्ट्रोड स्नायूंची वीज टिपतात. बोट हललेलं डोळ्यांना दिसत नसतानाही स्नायूनं प्रयत्न केला, हे त्यांना कळतं. पहिल्या काही आठवड्यांत, हात पूर्ण लुळा असताना, हे कळणं रुग्णासाठी मोलाचं असतं.

कागदावर हे सगळं सुरेख दिसतं. प्रत्यक्ष हातमोजा घालायला घेतला, की अडचणी सुरू होतात. पक्षाघातानंतर अनेकांची मूठ आवळलेली असते, बोटं ताठरतात. ताईंनी एका काकांना असा हातमोजा घालून दाखवला. आधी मनगट खाली वाकवून बोटांचा ताण सैल केला, मग आंगठा, मग एकेक बोट. करंगळी दोनदा चुकीच्या खाचेत गेली. तपासणीसाठी ठेवलेल्या वेळातला मोठा हिस्सा घालण्यातच गेला. सुजलेल्या पंजाला मोजा घट्ट होतो, बारीक हाताला ढिला. ढिला झाला की सेन्सर सांध्यावरून सरकतो आणि कोन चुकतो. आंगठ्याचा बुंध्याकडचा सांधा तर सगळ्या दिशांना फिरतो, एका पट्टीत तो पकडता येत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती जुळणीची अडचण. हातमोजा चालू करताना त्याला दोन टोकं दाखवावी लागतात: पंजा पूर्ण सपाट, मग मूठ पूर्ण बंद. त्या दोन टोकांमधलं सगळं यंत्र स्वतः मोजतं. आता ज्याला पंजा सपाट करता येत नाही, म्हणूनच जो इथे आलाय, त्यानं ही सुरुवात कशी करायची? निरोगी हातावर तयार झालेलं साधन आजारी हातापाशी पहिल्याच पायरीवर अडतं. मग थेरपिस्ट आपल्या हातानं ती बोटं सरळ करून धरतो, किंवा फक्त रुग्णाला जमेल तेवढ्याच टप्प्यात मोजमाप करतो.

शिवाय मोजा बोटांची टोकं झाकतो. स्पर्श मंदावतो आणि जे मोजायचं तेच बिघडतं. म्हणून अनेकांनी टोकं उघडी ठेवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत डेव्हिड रेन्केन्समेयर यांच्या गटानं मोजाच टाकून दिला. तर्जनीत चुंबकाची अंगठी आणि मनगटावर चुंबकक्षेत्र मोजणारं घड्याळ. बोट हललं की क्षेत्र बदलतं, घड्याळ मोजतं. याला त्यांनी मॅन्युमीटर म्हटलं. घालायला क्षणभर लागतो, पाहणाऱ्याला आजार दिसत नाही. मर्यादा इथेही आहे: आसपासचं लोखंड चुंबकक्षेत्र बिघडवतं.

सेन्सर फक्त किती हललं ते सांगत नाहीत, कसं हललं तेही सांगतात. निरोगी हात पाण्याच्या पेल्याकडे जातो तेव्हा वेग एकदाच वाढतो, एकदाच उतरतो. पक्षाघातानंतर तीच हालचाल तुकड्यातुकड्यांत होते: थांब, पुन्हा निघ, पुन्हा थांब. सुधारणा होते तसे तुकडे सांधत जातात. ही सफाई आकड्यात कशी पकडायची, यावर महत्त्वाचं काम शिवकुमार बालसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलं. बालसुब्रमणियन पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हाताच्या पुनर्वसनावर काम करू लागले. थेरपिस्टच्या सरावलेल्या डोळ्याला जे जाणवतं पण मोजता येत नाही, ते या मापानं दोन तपासण्यांमध्ये ताडून पाहता येतं.

सुधारलेला, पण न वापरलेला

आता सुनेच्या प्रश्नाकडे. मनगटी सेन्सरांमुळे पुनर्वसनशास्त्राला एक कटू गोष्ट कबूल करावी लागली.

लँग यांच्या गटानं 2009 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ज्या सत्रांत हाताच्या कामाचा सराव झाला, तिथे सरासरी 32 वेळाच तो झाला होता. मेंदूची घडी बदलायला हे फार थोडं, असं वाटून त्यांनी पुढे 85 जणांवर मोठा प्रयोग केला. वेगवेगळ्या गटांना 3,200 पासून 9,600 पर्यंत पुनरावृत्ती करून घेतल्या. 2016 मध्ये निकाल आला: क्षमता सगळ्या गटांत थोडी सुधारली, पण जास्त पुनरावृत्तींचा जास्त फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगातल्या मनगटी नोंदींचा निकाल आला. टेबलावरचे गुण वाढले होते. घरातला वापर वाढला नव्हता.

सून जे थेरपीच्या खोलीत बोलली, तेच हे.

असं का होतं, याचं एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दिलं. माकडाच्या एका हाताची संवेदना तोडली, की ते तो हात वापरणं सोडतं. पुढे वापरता येण्याजोगा झाला, तरी सोडलेला तो सोडलेलाच. सुरुवातीच्या प्रत्येक प्रयत्नात अपयश आणि चांगल्या हातानं लगेच यश, यातून न वापरण्याची सवय लागते. या प्रयोगांवरून पुढे प्राण्यांच्या छळाचं मोठं प्रकरण झालं, आणि ते प्रश्न रास्त होते. पण त्यातून जी उपचारपद्धत निघाली ती टिकली: चांगला हात जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला कामाला लावायचं. 222 रुग्णांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले, एका गटातल्या रुग्णांनी दोन आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ हा मोजा घालायचा होता. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांचे हात जास्त सुधारले.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये संगणकी प्रतिकृतीवरून आणखी एक कल्पना मांडली. हाताच्या आपसूक वापराला एक उंबरठा असतो. तो ओलांडला तर रोजचा वापरच हाताला शिकवत राहतो आणि थेरपी थांबली तरी सुधारणा होते. त्याआधी थेरपी थांबली, तर हात मागे घसरतो. बंद पडलेली गाडी ढकलण्यासारखं हे आहे: इंजिन पकडेपर्यंत ढकलणारे हात सोडून चालत नाही, आणि पकडल्यावर ढकलायची गरज उरत नाही. अडचण एवढीच, की इंजिनानं पकडलं की नाही हे टेबलावरच्या ठोकळ्यांवरून कळत नाही. ते घरातल्या वापरावरून कळतं. सेन्सरचं खरं मोल मला इथे दिसलं. थेरपी कधी थांबवायची, कधी मुळीच थांबवायची नाही, हे ठरवायला तो आधार देतो.

मग सेन्सरनंच रुग्णाला टोकलं तर? हात बराच वेळ हलला नाही की मनगटावर थरथर, घड्याळावर दिवसाचं लक्ष्य? मॅन्युमीटरवर अशी चाचणी झाली आहे, सुमारे 20 जणांवर. लक्ष्य दाखवलेल्या गटाचा वापर वाढताना दिसला, पण दोन गटांमधला फरक खात्रीनं सांगता येईल इतका नव्हता.

न ऐकलेला इशारा

हातातल्या सेन्सरचं कोण ऐकतं, हा धडा एका जुन्या प्रयोगात आहे, आणि त्याची मुळं भारतात आहेत. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. 1946 मध्ये ते वेल्लोरला शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगानं वाकलेली बोटं कंडरांची जागा बदलून पुन्हा उघडता येतात, हे त्यांनी करून दाखवलं. हात झिजतो तो रोगानं नव्हे, तर वेदना हरवल्यामुळे होणाऱ्या जखमांनी, हे त्यांचं निरीक्षण कुष्ठसेवेचा पाया ठरलं.

1966 मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी बधिर हातांसाठी कृत्रिम वेदना बनवायला घेतली. हातमोज्यात दाबाचे सेन्सर, आणि दाब धोक्याचा झाला की इशारा. आधी कानात आवाज दिला. रुग्णांनी तो मनावर घेतला नाही. मग काखेत, जिथे संवेदना शाबूत होती, विजेचा धक्का. रुग्ण यंत्र बंद करायचे, हवं ते काम करायचे आणि मग पुन्हा चालू करायचे. बाहेरून येणारा इशारा कितीही तीव्र असो, बंद करता येतो तोवर तो आपला होत नाही, या निष्कर्षाला येऊन ब्रँड यांनी तो प्रयत्न सोडला. आज थरथरणारे मनगटी पट्टे बनवणाऱ्यांनी हे समोर ठेवायला हवं. रुग्णाला ज्या कामाची ओढ आहे, त्या कामाशी आकडा जोडला गेला नाही, तर पट्टा खणात जातो.

ब्रँड यांच्या वेल्लोरमधलं आजचं काम या दिशेनं जातंय. तिथल्या संशोधकांनी 2022 मध्ये मनगटी सेन्सरवरून हाताचा वापर ओळखायच्या वेगवेगळ्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. प्रत्येकाच्या स्वतःच्या हालचालींवर शिकवलेला संगणकी कार्यक्रम सगळ्यात अचूक निघाला. एकाच्या हातावर शिकलेलं दुसऱ्याच्या हाताला तितकं लागू पडत नव्हतं. आयआयटी मद्रास आणि वेल्लोर यांनी मिळून केलेलं प्लुटो हे हाताच्या सरावाचं छोटं यंत्रही रुग्णाच्या घरी नेता यावं, हाच विचार धरून घडलं आहे.

भाकरी, बांगड्या आणि बादली

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. त्या जन्मानं अमेरिकन, इथे लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्या नावानं आहे. त्यांनी रुजवलेल्या शास्त्राचा गाभाच हा, की उपचाराचा हेतू सांध्याचा कोन वाढवणं एवढाच नसतो. माणूस त्याच्या रोजच्या कामात परतला पाहिजे. पाच वर्षांनी हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. म्हणजे सेन्सर आले तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न आपल्याकडे तयार होते.

फक्त ते इथल्या हातांचे असायला हवेत. निरोगी माणसाचं 0.95 हे गुणोत्तर अमेरिकेतल्या प्रौढांचं आहे. आपण चमच्यानं नव्हे, बोटांनी जेवतो. भात कालवून त्याचा घास करणं ही पाचही बोटांची नाजूक जुळवाजुळव आहे. उजव्या हातानं जेवायचं, डाव्यानं धुवायचं, ही वाटणी इतकी पक्की, की उजवा हात गेलेला माणूस पंगतीत बसायचं टाळतो. ताईंच्या एका रुग्णानं हात बरा करण्यामागचं कारण विचारल्यावर एवढंच सांगितलं होतं: लेकीच्या लग्नात चारचौघांत उजव्या हातानं जेवायचंय. ठोकळ्यांच्या पेटीत हे उत्तर बसत नाही.

भाकरी थापताना दोन्ही तळवे राबतात आणि भाकरी फिरवत नेताना बोटांचा दाब सारखा बदलतो. नाडी बांधणं, निऱ्या घालणं, बादली उचलणं, पिळा घालून कपडे पिळणं, या सगळ्याच्या हालचाली परदेशी संगणकी कार्यक्रमांनी शिकलेल्या नाहीत. इथे बायकांच्या हातात बांगड्या असतात. पट्टा त्यांच्या वर बांधला तर सरकतो, खाली बांधला तर बांगड्या त्यावर आपटतात, आणि प्रत्येक आपट आकड्यात शिरते. बांगड्या काढायला सांगणं ताईंना योग्य वाटत नाही, आणि मलाही नाही. मग त्या पट्टा कोपराच्या बाजूला थोडा वर बांधतात, तशी नोंद कागदावर करतात आणि दर वेळी तिथेच बांधतात.

गावाकडच्या रुग्णाला थेरपीला यायचं म्हणजे एसटीचा प्रवास, सोबतीला येणाऱ्याचा रोज बुडणार. महिन्यातून एकदा आलेल्या रुग्णाचं तास-दीड तासात काय दिसणार? आठवडाभर घरी बांधून परत आणलेला पट्टा तिथे खरोखर उपयोगाचा आहे. पण तो चार्ज कोण करणार, आंघोळीआधी काढला तर पुन्हा कोण बांधणार, हे त्या घरातल्या माणसांशी बसून ठरवावं लागतं. ताई डाव्या-उजव्या पट्ट्यांना वेगळ्या रंगाच्या फिती लावतात, कारण पट्टे अदलाबदल झाले तर आठवड्याची नोंद वाया जाते.

आकड्याचा मालक

दिवसभर मनगटावर असलेला सेन्सर हाताबरोबर बरंच काही टिपतो: माणूस कधी उठला, किती वेळ पडून होता, रात्री किती तळमळला. ही माहिती रुग्णाची आहे. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो, पण संमती म्हणजे फॉर्मवरची सही एवढीच राहू नये. विमा कंपनीनं किंवा मालकानं उद्या हा आलेख मागितला तर काय, हा प्रश्न पट्टा बांधण्याआधी बोलला गेला पाहिजे. घरच्यांशीही. आलेख हाती आला म्हणून सुनेनं सासूला, मुलानं बापाला 'बघ, तू करतच नाहीस' असं ऐकवायला सुरुवात केली, तर तो हात आणखी मिटेल.

ताई आलेख वापरतात ते वेगळ्या रीतीनं. मावशींना त्यांनी पट्टी दाखवली आणि विचारलं, "ही दुपारची वेळ. तुम्ही काय करत होता?" मावशींनी आठवून सांगितलं: फुलं निवडत होते, एका हातानं. "मग डाव्या हातात टोपली धरा, निवडू दे उजव्याला. हळू होईल. होऊ दे." तेवढ्यावरून पुढच्या आठवड्याचा सराव ठरला. आकड्यानं सूर दिला, काम ठरवलं ते दोघींनी मिळून. माझ्या मते हे साधन वापरायची हीच खरी रीत आहे.

सार्वजनिक रुग्णालयांत हे पट्टे आले पाहिजेत, आणि त्यासोबत ते वाचायला वेळ असलेले थेरपिस्टही. यंत्र विकत घेणं सोपं; थेरपिस्टची पदं भरणं आणि त्याला एका रुग्णाशी अर्धा तास बोलू देणं अवघड. दुसरं झालं नाही तर पहिलं कपाटात पडून राहील. इथल्या संस्थांनी घास, भाकरी, निऱ्या, गजरा यांच्या हालचालींवर शिकलेली मापं तयार केली पाहिजेत, म्हणजे मराठी घरातला हात मराठी घरातल्या कामावर जोखला जाईल.

सेन्सर तुमच्या गावात पोचायला वेळ लागेल. तोवर, घरात कुणाला पक्षाघात झाला असेल, तर थेरपिस्टकडे जाताना फक्त 'बरं आहे' म्हणू नका. आठवड्यातले दोन दिवस निवडा आणि वहीत लिहा: दार कोणत्या हातानं उघडलं, पाण्याचा तांब्या कोणी धरला, शर्टाचं बटण कोणी लावलं, दुबळा हात कुठे पुढे आला आणि कुठे मागे राहिला. शक्य असेल तर जेवतानाचं छोटं चित्रण करा, त्यांना विचारून. आणि रुग्णाला एकदा विचारा, हा हात परत आला तर सगळ्यात आधी काय करायचंय? ते उत्तर थेरपिस्टला सांगा आणि उपचार त्या कामाभोवती आखायचा आग्रह धरा. तो आग्रह धरण्याचा तुम्हाला हक्क आहे.